चालतंय ते प्लगिन काढायचं कधी?

सांगलीच्या विश्रामबागेतून एका तरुण डेव्हलपरचं पत्र आलंय. नाव छापू नका असं तिनं कळवलंय. पत्र बरंच मोठं आहे. त्यातलं फ्लटर म्हणजे मोबाइल अ‍ॅप बनवण्याची गुगलची चौकट, आणि प्लगिन म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेला, अ‍ॅपमध्ये जोडायचा तयार कोड. पत्रातला मुख्य भाग असा:

"ताई, आमची कंपनी चार माणसांची. वाळवा, पलूस, कडेगाव भागातल्या दूध संकलन केंद्रांसाठी आमचं अँड्रॉइड अ‍ॅप आहे, फ्लटरमध्ये केलेलं. सचिव सकाळ-संध्याकाळ त्यात लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) टाकतात आणि ब्लूटूथ प्रिंटरवर पावती निघते. अ‍ॅपमध्ये ३४ प्लगिन आहेत. मी आल्यापासून फ्लटरची आवृत्ती तीच आहे, कारण वाढवली की बिल्ड (कोडपासून अ‍ॅप बांधणं) पडतो. प्रिंटरच्या प्लगिनला २०२१ नंतर अपडेट नाही. क्यूआर स्कॅनरचं प्लगिन जुनं आहे. रक्कम मराठी अक्षरांत लिहून देणारं एक पॅकेज आहे, त्यालाही कैक दिवसांत कुणी हात लावलेला नाही. फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) वाचणारं एक आहे, ते कशासाठी घेतलं होतं हे आता कुणालाच आठवत नाही. गुगल प्लेकडून टार्गेट एपीआय (अ‍ॅप अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीच्या नियमांनी चालेल तो आकडा) वाढवण्याची सूचना येऊन पडली आहे. सर म्हणतात, चालतंय ना, मग कशाला हात लावायचा? एका सकाळी पावत्या थांबल्या तर फोन घ्यायला माणसं पुरायची नाहीत. मला तर सगळंच बदलून टाकावंसं वाटतं. प्लगिन काढायची वेळ आली हे ओळखायचं कसं? आणि सरांना पटवायचं कसं?"

अगं, तुझ्या सरांची भीती खोटी नाही, तिथूनच सुरुवात करू. सकाळी सहाला डेअरीवर दूध घालायला आलेला माणूस किटली घेऊन रांगेत उभा असतो. घरी जनावरांची वैरण व्हायची असते, पोरांना शाळेला पाठवायचं असतं. फॅट लागलं, आकडा टाकला, पावती फाडून हातात दिली की पुढचा नंबर. प्रिंटर गप्प बसला तर सचिवाला वहीत लिहावं लागतं, आणि दहा दिवसांनी बिल निघतं तेव्हा त्याच वहीवरून वाद होतात. लोकांच्या दुधाचे पैसे ज्यावर ठरतात ते उगाच हलवू नये, हे सरांना बरोबर कळलंय. त्यामुळं ३४ च्या ३४ प्लगिन बदलायचा तुझा बेत मला पटत नाही. त्यातली बहुतेक आहेत तशी राहू देत.

पण "चालतंय" एवढ्यावर थांबणंही मला मान्य नाही. प्लगिनचा कोड २०२१ मध्ये होता तसाच आज आहे, हे खरं. त्याच्या खालचं मात्र सगळं दरवर्षी बदलतं: अँड्रॉइडची आवृत्ती, ग्रेडल (अ‍ॅप बांधणारं साधन), फ्लटरचं इंजिन, प्ले स्टोअरचे नियम. म्हणून प्लगिनचं वय मोजत बसू नकोस. खालचं बदललं की हे नीट करून देणारं कुणी आहे का, एवढं बघ. कुणी नसेल, आणि ते काम तुम्हीही अंगावर घेणार नसाल, तर त्या प्लगिनची मुदत संपली आहे, आज पावती निघत असली तरी. ते कधी काढायचं याची तारीख तेवढी आपल्या हातात असते. आपण नाही ठरवली तर गुगल ठरवतं.

आता वयाबद्दल लोकांचा घोटाळा कुठं होतो ते सांगते. तीन वर्षं अपडेट नाही म्हणजे प्लगिन मेलं, असा हिशेब पुष्कळ जण लावतात. तुझं ते रक्कम अक्षरांत लिहिणारं पॅकेज घे. आकडा आत जातो, "दोन हजार तीनशे चाळीस रुपये फक्त" बाहेर येतं. ते कॅमेऱ्याला हात लावत नाही, ब्लूटूथला लावत नाही, फोनची कसली परवानगी मागत नाही, कुठल्या सर्व्हरशी बोलत नाही. निव्वळ डार्टमधला, म्हणजे फ्लटरच्या भाषेतला, कोड आहे. मराठीतले आकडे काही पुढच्या अँड्रॉइडमध्ये बदलणार नाहीत. अशा कोडला अपडेट नाही याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की त्यात करण्यासारखं काही उरलेलं नाही. त्याला फक्त भाषा बदलते तेव्हाच धक्का बसतो. २०२३ मध्ये डार्ट ३ आलं आणि नल सेफ्टी (रिकाम्या किमतीमुळं कोड कोसळू न देणारी भाषेची सोय) नसलेली जुनी पॅकेजेस एका फटक्यात बाद झाली, तसा. तुझं पॅकेज नल सेफ आहे का तेवढं बघ. असेल तर राहू दे. फारच काळजी वाटत असेल तर परवाना बघून, त्याची ओळ शाबूत ठेवून, तो कोड आपल्या प्रकल्पात आणून ठेव. एक-दोन फाइलींचा मामला असेल.

फोनच्या यंत्रणेला हात घालणाऱ्या प्लगिनचं तसं नाही. ब्लूटूथ, कॅमेरा, नोटिफिकेशन, फाइल साठवणं, लोकेशन, पार्श्वभूमीत चालणारी कामं यांचे नियम अँड्रॉइड सतत आवळत आलंय. अँड्रॉइड १० पासून फाइल साठवणीची पद्धत बदलत गेली, १२ मध्ये ब्लूटूथच्या परवानग्या वेगळ्या झाल्या, १३ मध्ये नोटिफिकेशन दाखवायलाही विचारावं लागू लागलं. या भागातल्या प्लगिनला दोन वर्षं कुणी हात लावलेला नसेल तर ते खरोखर मागं पडलेलं असतं. मग आणखी एक जात आहे, दुसऱ्याच्या सेवेवर उभ्या असलेल्या प्लगिनची. तिथं तारीख सेवा देणारा जाहीर करतो आणि वाटाघाटीला जागा नसते. गुगलनं जीसीएम ही नोटिफिकेशन पाठवायची सेवा २०१९ मध्ये बंद केली, तिच्या जागी आलेल्या एफसीएमची जुनी पाठवण्याची पद्धत २०२४ मध्ये बंद केली, अ‍ॅपमध्ये नेणाऱ्या फायरबेस डायनॅमिक लिंक्स २५ ऑगस्ट २०२५ ला थांबल्या. तुमच्या ३४ मध्ये असलं काही असेल तर ते आधी शोध, कारण त्यात सरांनाही मत मांडायला वाव नाही. एकटी प्लगिनच काय, अख्ख्या चौकटी अशा जातात. अडोबीनं फोनगॅप ऑक्टोबर २०२० मध्ये थांबवलं, मायक्रोसॉफ्टनं झामरिनचा आधार १ मे २०२४ ला काढून घेतला. त्यावर ज्यांची अ‍ॅप्स होती त्यांना सगळंच नव्यानं उभं करावं लागलं. तुला फक्त तीन-चार प्लगिनचा प्रश्न आहे, हे त्यामानानं बरंच सोपं म्हणायचं.

बिल्ड पडतो म्हणालीस. काय त्रुटी येते ते लिहिलं नाहीस, पण एवढ्या जुन्या फ्लटरवरून उडी मारली की बहुधा दोनपैकी एक दिसते. एक म्हणजे "नेमस्पेस नॉट स्पेसिफाइड". अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन ८ पासून प्रत्येक मॉड्यूलच्या ग्रेडल फाइलमध्ये नेमस्पेस, म्हणजे त्या मॉड्यूलचं ओळखनाव, लिहिणं सक्तीचं झालं, जुन्या प्लगिनमध्ये ती ओळ नसते. हा एका ओळीचा आजार आहे, घाबरायचं काही नाही. दुसरी म्हणजे "रजिस्ट्रार" नावाचा क्लास सापडत नाही. ही जास्त बोलकी आहे. फ्लटरनं अँड्रॉइड प्लगिन जोडण्याची नवी पद्धत डिसेंबर २०१९ मध्ये आणली, जुनी पद्धत पाचेक वर्षं चालू ठेवली आणि २०२५ च्या सुरुवातीला ३.२९ मध्ये काढून टाकली. एवढ्या वर्षांत ज्या प्लगिनमधून त्या जुन्या पद्धतीच्या ओळी कुणी काढल्या नाहीत, तिथं आता कुणी येणार नाही असंच धरून चाल.

त्या लेखकांवर मात्र राग धरू नकोस. यातली बरीचशी मंडळी नोकरी सांभाळून, फुकटात हे करतात. इतकी वर्षं तुमच्या डेअरीच्या पावत्या त्यांच्या कोडवर निघाल्या. तू नेमस्पेसची ओळ घालून दुरुस्ती केलीस तर ती त्यांच्याकडे पाठव, कुणीतरी असतं स्वीकारायला.

प्लगिनला वाली आहे का हे बघताना शेवटच्या आवृत्तीच्या तारखेवर जाऊ नकोस. त्याच्या रेपॉझिटरीत, म्हणजे कोड ठेवलेल्या जागी, जा आणि नव्या अँड्रॉइडबद्दलच्या तक्रारी वाच. "अँड्रॉइड १४ वर क्रॅश होतं" अशी तक्रार कुणी टाकली, तिला उत्तर कुणी दिलं, किती दिवसांत दिलं? लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या कुणी आत घेतंय का, की महिनोन्महिने लटकून आहेत? तक्रारीखाली नुसतंच "काही अपडेट?" "माझ्याकडंही हेच होतंय" अशी माणसं एकमेकांशी बोलत असतील आणि लेखकाचा पत्ताच नसेल, तर तुझं उत्तर तिथंच मिळालं. फ्लटर पब आउटडेटेड ही कमांड चालव. पब डॉट डेव्ह या पॅकेजच्या साइटवर ज्यांना "डिसकंटिन्यूड" असा शिक्का बसलाय ती नावं त्यात दिसतात, पर्यायी पॅकेजही पुष्कळदा तिथंच सुचवलेलं असतं. आणि पबस्पेक फाइलमध्ये, म्हणजे प्लगिनच्या यादीत, डिपेंडन्सी ओव्हरराइड्स म्हणून (ठरलेली आवृत्ती डावलून दुसरी लादणाऱ्या) किती ओळी साचल्यात ते बघ. तिथली प्रत्येक ओळ म्हणजे कुणीतरी कधीतरी वेळ मारून नेलेली असते.

उलट बाजूही लक्षात ठेव. बरेच दिवस निपचित पडलेलं प्लगिन अचानक नव्या माणसाच्या हातून जागं झालं तर लगेच अपडेट घेऊ नकोस. २०१८ मध्ये जावास्क्रिप्टच्या जगात इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या पॅकेजचं असंच झालं. मूळ लेखकाला त्यात रस उरला नव्हता, एकानं मदतीची तयारी दाखवली, लेखकानं विश्वासानं ताबा दिला. त्या नव्या माणसानं कोपे या बिटकॉइन वॉलेटमधून पैसे चोरणारा कोड आत सारला. ज्या अ‍ॅपमधून शेतकऱ्याचं बिल निघतं तिथं हा प्रकार परवडणारा नाही. मालक बदललेला दिसला तर दोन आवृत्त्यांतला फरक डोळ्यांनी वाचल्याशिवाय अपडेट घ्यायचं नाही.

आता तुझी एकेक प्लगिन घेऊ.

आयएमईआयवालं काढूनच टाक. अँड्रॉइड १० पासून साध्या अ‍ॅपला आयएमईआय मिळतच नाही, ती माहिती यंत्रणेच्या खास अ‍ॅप्सपुरती राखून ठेवली आहे. म्हणजे हे प्लगिन अँड्रॉइड १० आणि त्यापुढच्या फोनवर काहीच काम करत नाही, पण परवानगी मागतं. तुमचं अ‍ॅप पहिल्यांदा उघडल्यावर सचिवांना "फोन कॉल करण्याची आणि व्यवस्थापित करण्याची परवानगी द्या" असं विचारलं जात असेल ना? ते यामुळंच. दूध मोजणाऱ्या अ‍ॅपला कॉल कशाला हवेत, असं कुणी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नाही. माझा अंदाज, एक केंद्र एकाच फोनला बांधायचं म्हणून कधीतरी ते घेतलं असणार. ती गरज अजून असेल तर अ‍ॅप पहिल्यांदा सुरू होताना स्वतःच एक ओळख क्रमांक तयार करा आणि सर्व्हरवर नोंदवा. काढून झाल्यावर अँड्रॉइड स्टुडिओत मर्ज्ड मॅनिफेस्ट (अ‍ॅप आणि प्लगिनच्या परवानग्यांची एकत्र यादी) उघडून ती परवानगी खरंच गेली का ते बघ. तुमच्या स्वतःच्या मॅनिफेस्टमध्येही कुणीतरी ती हातानं लिहून ठेवलेली असते, मग प्लगिन जातं आणि परवानगी मागं राहते.

क्यूआर स्कॅनर. तुझ्याकडचं क्यूआर कोड स्कॅनर नावाचं जुनं पॅकेज असेल तर त्याच्या लेखकांनीच लिहून ठेवलंय की ज्या मूळ लायब्रऱ्यांवर ते उभं आहे त्यांचंच काम थांबलंय, आता नवं काही होणार नाही. एवढं स्पष्ट कुणी सांगितलं की चर्चा संपली. मोबाइल स्कॅनर हे पॅकेज घे. एकच निर्णय आधी कर: कोड ओळखणारं मॉडेल अ‍ॅपमध्येच बांधून द्यायचं, की गुगल प्ले सर्व्हिसेसवर सोडायचं. बांधून दिलं तर अ‍ॅपचा आकार वाढतो. सोडलं तर पहिल्या वापराला ते डाउनलोड व्हावं लागतं. खेड्यातल्या केंद्रावर सकाळी रेंज असेलच असं नाही, म्हणून मी बांधून देईन. उत्पादकाचं कार्ड स्कॅन झालं नाही तरी सचिव कोड क्रमांक हातानं टाकू शकतो, त्यामुळं या बदलात धोका कमी आहे. पहिला बदल हाच कर. सरांनाही धीर येईल.

प्रिंटर मात्र नाजूक प्रकरण आहे, तिथं थोडं सविस्तर लिहिते.

अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथनं जोडायला अ‍ॅपला वेगळी परवानगी घ्यावी लागते, फोनवर ती "जवळपासची डिव्हाइस" अशा नावानं दिसते. टार्गेट एपीआय ३१ च्या खाली ठेवलं असेल तोवर जुनी पद्धत चालून जाते. वर नेलं की जुनं प्लगिन ही परवानगी मागत नाही आणि प्रिंटर जोडायला गेलं की अ‍ॅप कोसळतं. गुगल तर दरवर्षी ऑगस्टअखेर टार्गेट वाढवायला लावतं: ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या अपडेटला एपीआय ३५, म्हणजे अँड्रॉइड १५, सक्तीचं झालं. तेव्हा प्रिंटरचं हे प्लगिन आणि प्ले स्टोअरवरचं अपडेट या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. सरांना नेमकं हेच दाखवायचंय.

याला दुसरं तयार प्लगिन शोधायचा मोह होईल. मी तुझ्या जागी असते तर शोधलं नसतं. ब्लूटूथ प्रिंटिंगची बहुतेक प्लगिन एकट्या माणसानं, आपल्याकडच्या एका प्रिंटरपुरती लिहिलेली असतात, म्हणजे तीन वर्षांनी तू परत याच जागी उभी असशील. पावती छापणं हा तुमच्या धंद्याचा गाभा आहे, आणि लागणारं काम फार थोडं आहे: परवानगी मागणं, जोडलेल्या प्रिंटरची यादी दाखवणं, सिरियल पोर्ट प्रोफाइल या ब्लूटूथच्या पद्धतीनं सॉकेट, म्हणजे जोडणी, उघडणं, बाइट्स लिहिणं, सॉकेट बंद करणं. कोटलिन या अँड्रॉइडच्या भाषेत एक छोटा क्लास (कोडचा स्वतंत्र तुकडा) आणि फ्लटरशी बोलायला एक मेथड चॅनेल. त्याला कुणाची वाट बघावी लागणार नाही.

यात वेळ खाणारी जागा एकच, मराठी नावं. स्वस्त थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी फाँट नसतो, म्हणून नाव चित्र करून पाठवावं लागतं. दोन इंची म्हणजे ५८ मिलिमीटर कागदाच्या प्रिंटरवर एका ओळीत ३८४ ठिपके बसतात. तेवढ्या रुंदीचं काळं-पांढरं चित्र बनवायचं, आठ ठिपक्यांचा एक बाइट धरून ओळीला ४८ बाइट, आणि ते प्रिंटरला पाठवायचं. तुमचं जुनं प्लगिन हे आत कुठंतरी करत असणार. ते कसं करतं ते नीट वाचून मगच नवं लिही. काही प्रिंटरचा बफर छोटा असतो, सगळं चित्र एकदम सोडलं की निम्म्यात चिरफळ्या छापल्या जातात. तुकडे करून, मध्ये किंचित थांबून पाठवायला लागतं. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र "इतके मिलिसेकंद थांब" अशी ओळ दिसली तर तिला कचरा समजू नकोस. कुणाच्या तरी प्रिंटरनं ती लिहायला लावलेली असते.

आणि हे सगळं करायच्या आधी एक काम. आत्ता तुमच्या कोडमध्ये प्रिंटरच्या प्लगिनला किती ठिकाणांहून हाक जाते ते शोध. पावतीचा पडदा, बिलाचा पडदा, दिवसाचा गोषवारा, परत छपाई, अशी सात-आठ ठिकाणं निघतील. आधी मध्ये आपला एक क्लास घाल, "पावती छाप" एवढंच सांगणारा, आणि सगळ्या हाका त्याच्यातून ने. आतमध्ये प्लगिन जुनंच राहू दे. ही आवृत्ती लोकांपर्यंत जाऊ दे, कुणाला काही कळणारही नाही. मग त्या क्लासच्या आत नवा कोड बसवणं एका फाइलचं काम उरतं, आणि दोन्ही मार्ग काही आठवडे शेजारी ठेवता येतात: सर्व्हरवरून एक खूण बदलली की केंद्र जुन्यावरून नव्यावर, गडबड झाली की परत जुन्यावर. टार्गेट वाढवायच्या आधीच हे करायला हवं, कारण टार्गेट वाढल्यावर जुना मार्ग परतीसाठी उपयोगाचा राहत नाही.

प्ले कन्सोलमध्ये अपडेट टप्प्याटप्प्यानं सोडता येतं, ते वापर. पण त्यावर पूर्ण विसंबू नकोस. मध्येच थांबवलं तरी ज्यांच्या फोनवर नवी आवृत्ती गेली त्यांची जुनी आपोआप परत येत नाही, वाढीव क्रमांकाची दुरुस्त आवृत्तीच पाठवावी लागते. शिवाय टप्प्यात कुणाकडं जाणार हे प्ले ठरवतं, तू नाही. म्हणून आधी जवळची चार-पाच केंद्रं निवड, वेगवेगळ्या प्रिंटरची, त्यांना चाचणीच्या ट्रॅकवर घे. तू स्वतः एका सकाळी पलूसला जाऊन संकलन संपेपर्यंत थांब. ऑफिसमध्ये बसून कळत नाही की सचिवाचा एक हात दुधानं ओला असतो आणि परवानगीची खिडकी आली की तो न वाचता "नाही" दाबतो. दोनदा नाकारलं की अँड्रॉइड ती खिडकी परत दाखवत नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन परवानगी कशी द्यायची हे मराठीत, चित्रासह, अ‍ॅपमध्येच दाखवावं लागेल.

फोनही बघून घे. नवं फ्लटर आणि नवी प्लगिन जुन्या अँड्रॉइडचा आधार सोडत जातात. तुमच्या केंद्रांवर अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्त्या आहेत ते प्ले कन्सोलमध्ये दिसतं. दहा केंद्रांवर अँड्रॉइड ६ चे फोन निघाले तर त्यांना आधी कळवणं, फोन बदलायला एखादा महिना देणं, हे तुमचं कर्तव्य आहे. एखादी छोटी डेअरी तो खर्च लगेच करू शकत नसेल तर तिच्यापुरती जुनी आवृत्ती काही काळ चालू ठेवायची तयारी ठेवा.

उरलेल्या तीसेक प्लगिनसाठी एपीके अ‍ॅनालायझरमध्ये अ‍ॅप उघडून लिब फोल्डर बघ. तिथल्या एसओ फाइली (सी किंवा सी प्लस प्लसमधून बांधलेला कोड) कुठल्या प्लगिननं आणल्यात याची नोंद कर. १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ आणि पुढचं टार्गेट असलेल्या अपडेटना १६ केबी पेज साइजचा (फोन मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो त्यांच्या आकाराचा) आधार लागतो, आणि तो प्रश्न या एसओ फाइलींपुरताच आहे. कोटलिन-जावाचं किंवा निव्वळ डार्टचं प्लगिन त्यात अडकत नाही. ज्या प्लगिनची एसओ फाइल जुनी आणि लेखक बेपत्ता, ते यादीत वर घे. तशी दुरुस्ती घरी बसून करणं अवघड असतं, कारण ती फाइल पुन्हा बांधायला मूळ सी किंवा सी प्लस प्लसचा कोड हाताशी लागतो.

फॉर्क करायचा, म्हणजे प्लगिनच्या कोडची आपली वेगळी प्रत काढून ती सांभाळायचा, विचार एव्हाना तुझ्या मनात आला असेल. नेमस्पेससारख्या एका ओळीसाठी खुशाल कर, पबस्पेकमध्ये ठरावीक कमिटला (कोडच्या त्या वेळच्या नोंदीला) बांधून ठेव. पण फॉर्क केल्या दिवसापासून त्या प्लगिनचे मालक तुम्ही. पुढच्या ऑगस्टला ते कोण बघणार, त्या माणसाचं नाव फॉर्कशेजारी लिहिता येत नसेल तर करू नकोस. नावाशिवायचे फॉर्क हेच पुढं सगळ्यात जास्त त्रास देतात, कारण त्यांच्यासाठी "नवी आवृत्ती आली" असं सांगणाराही कुणी नसतो.

आता सरांचं. त्यांच्याशी प्लगिन, एपीआय, नेमस्पेस असलं काही बोलू नकोस. एक कागद घे, त्यावर वर्षाचे बारा महिने काढ. ३१ ऑगस्टला खूण कर. सांग की आहे तसंच ठेवलं तर या तारखेनंतर आपण प्ले स्टोअरवर अपडेट टाकू शकत नाही. मुदतवाढ मागितली तर गुगलनं मागच्या खेपांना १ नोव्हेंबरपर्यंत दिली होती, तेवढीच. चालू असलेली अ‍ॅप्स बंद पडणार नाहीत, हेही खरंखरं सांग, घाबरवून काम काढून घेऊ नकोस. मग विचार: सप्टेंबरात संघानं दरपत्रक बदललं, फॅटचा टप्पा वेगळा केला, तर आपण काय करणार? ते अपडेट जाणार नाही. एखाद्या सचिवानं नवा फोन घेतला आणि आपलं टार्गेट फारच मागं राहिलेलं असेल, तर त्याला प्ले स्टोअरवर अ‍ॅपच दिसणार नाही. हे सरांना लगेच कळेल, कारण दर बदलला की फोन त्यांनाच येतात.

मग त्याच कागदावर आपल्या भागाचं वर्ष भर. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा रस्ते बंद होते, कित्येक ठिकाणचं संकलन थांबलं होतं, २०२१ च्या जुलैतही पाणी आलं. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची पातळी वाढायला लागली की इथं कुणाचं चित्त ताळ्यावर राहत नाही, आणि त्याच आठवड्यांत गुगलची मुदत डोक्यावर असते. त्या दिवसांत प्रिंटर बदलायला निघणं म्हणजे हातानं संकट ओढवून घेणं. थंडीत दूध जास्त, रांगा लांब, तेव्हाही नको. उन्हाळ्यात दूध आटतं, एप्रिल-मेमध्ये रांगा आखूड होतात. तुमचा बदल तेव्हा बसव. बिलाचे दिवस टाळ, १, ११, २१ तारखेच्या आसपास काहीच सोडू नकोस. म्हणजे जानेवारीत आयएमईआय आणि स्कॅनर, फेब्रुवारीत प्रिंटरसाठी मधला क्लास, मार्चमध्ये नवा प्रिंटर कोड तुमच्या टेबलावर आणि चार-पाच केंद्रांवर, एप्रिलमध्ये हळूहळू सगळीकडं, मेमध्ये फ्लटर आणि टार्गेट. जूनचा पाऊस पडायच्या आत तुम्ही मोकळे.

सर "नको" म्हणाले तरी हा कागद त्यांच्याकडं ठेवून ये, आणि सोबत प्रत्येक प्लगिनपुढं तीनच गोष्टी लिहिलेली यादी दे: ते कशासाठी आहे, बंद पडलं तर सचिवाचं काय अडतं, आणि आपल्यातलं कोण त्याच्याकडं बघतं. तिसऱ्या रकान्यात रिकाम्या जागा किती आहेत ते त्यांचं त्यांना दिसेल. ही यादी दर वर्षी जानेवारीत पुन्हा वाचायची.

मेमध्ये सगळी केंद्रं नव्या प्रिंटर कोडवर आली की जुनं प्लगिन पबस्पेकमधून खरोखर पुसून टाक. "असू दे, लागलं तर" म्हणून ठेवू नकोस. त्याच्यासाठी लिहिलेले प्रोगार्डचे (कोड आटोपशीर करणाऱ्या साधनाचे) नियम, मॅनिफेस्टमधल्या ओळी, ती सर्व्हरवरची खूण, तीही काढ. जुनी एपीके (अ‍ॅप बसवायची फाइल) आणि सायनिंग की (अ‍ॅपवर सही करणारी किल्ली) मात्र जपून ठेव, दोन ठिकाणी. आणि केंद्रांवर कुठल्या कुठल्या कंपनीचे प्रिंटर आहेत त्याची यादी आतापासूनच करायला घे. सचिवांना फोन करून विचारण्यापेक्षा प्रिंटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीचा फोटो मागव, त्यावर मॉडेल छापलेलं असतं.